ताईच्या तुरीचं राज्य

आण्णा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, आणि आज बावन्नाव्या वर्षी मी तुम्हाला काय लिहितोय, तर कॉम्प्युटरवरच्या खेळाबद्दल. हसू नका. रविवारपासून मी पार हादरून गेलोय. सोमवारी कारखान्यात एका गिऱ्हाइकाचे टॉवेल दुसऱ्याच्या गाडीत चढवले, इतकं डोकं ठिकाणावर नाही.

हा खेळ माझ्या लेकीनं आणला. कॉलेजला सुट्टी लागली तशी घरी आली आणि म्हणाली, "बाबा, यात आजोबांचा सगळा इतिहास आहे." खरंच आहे हो. अख्ख्या जगाचा नकाशा, त्यात आपली भीमा, आणि बारीक अक्षरात सोलापूर! मी खुर्चीतून उठलोच. एक राजा निवडायचा आणि त्याचं राज्य पिढ्यान्‌पिढ्या चालवायचं. राजा मेला तरी खेळ संपत नाही. त्याचा जो वारस, तो आपण होतो आणि पुढं त्याच्या जागी बसून खेळतो. प्रत्येक सरदाराला स्वभाव आहे, एक लोभी, एक भित्रा, एक नुसता खुनशी. लग्नं जुळवा, रुसवे काढा, तह करा. लढाई सगळ्यात शेवटी होते, आधी घरात काय शिजतंय ते बघा, असं तुम्ही वर्गात सांगायचा, ते या खेळाला बरोबर कळलंय. पण डोकं किती उठवतो म्हणून सांगू! एक चौकट उघडली की तिच्यात दुसरी, दुसरीत तिसरी, अक्षरं मुंगीएवढी, तीही इंग्रजीत. मी चष्मा पुसून वाचेस्तोवर तिकडं दोन वर्षं उलटलेली. जिंकत आलेलं सैन्य मधेच का पळालं ते हा खेळ काही सांगत नाही. आणि आपला मुलूख दाखवलाय हिरवागार! सोलापूर हिरवं, आण्णा! ज्यानं रंगवलं त्याला म्हणावं मे महिन्यात एकदा अनवाणी ये की हितं.

नकाशा बघून मला वळसंगचं आपलं अंगण आठवलं. सुट्टीच्या दिवशी तुम्ही सारवलेल्या जमिनीवर खडूनं नद्या काढताय, आई चुलीवर भाकरी थापतेय, मी नि ताई समोरासमोर उकिडवे बसलोय. विजापूर ताईचं, तिच्याकडं तूर. अहमदनगर माझं, माझ्याकडं ज्वारी. मधे सोलापूरचा किल्ला, म्हणून एक पेंडखजुराची बी. हा किल्ला एका लग्नात हुंडा म्हणून द्यायचं ठरलं, दिला नाही, आणि दोन घराणी त्यापायी किती वर्षं भांडली, ते तुम्ही रंगवून सांगताय. तेवढ्यात ताई पाणी आणायला उठली आणि मी तिची मूठभर तूर गुपचूप माझ्या चड्डीच्या खिशात घातली. तुम्ही बघितलंत. मारलं नाहीत. "लढून घेतलं असतंस तर शाबासकी दिली असती," म्हणालात, "ती उठल्यावर घेतलंस. माघारी दे तिची तूर." ताई घागर घेऊन दारात उभी, आणि मी एकेक दाणा मोजून तिच्या ओंजळीत टाकतोय. आईनं आतून विचारलं, "काय झालं वो?" तर ताईच म्हणाली, "काय न्हाय आई, खेळतोय आमी." ती तेव्हापासून तशीच आहे.

तर खेळात माझ्या राजाला दोन पोरं. थोरली मुलगी, एवढी हुशार की सगळे सरदार तिच्यापुढं फिके, आणि धाकटा पोरगा, आळशी आणि हावरा. आणि कायदा काय, तर मुलगा असला की मुलीला काही नाही! माझा असा संताप झाला, आण्णा. म्हटलं, हा काय आचरटपणा! कायदा बदलायची सोय आहे, पण सहजासहजी नाही, सगळ्या सरदारांची संमती लागते. मी दोन रविवार घातले त्यात. कुणाला जहागीर दिली, कुणाच्या पोरीचं लग्न लावून दिलं, एकाला तर शिकारीला घेऊन हिंडलो. आणि या रविवारी सकाळी कायदा झाला. मी असा ओरडलो की बायको शेंगाचटणी कुटायची थांबवून बाहेर आली. "काय, लॉटरी लागली का?" लेकीनं टाळ्या वाजवल्या. "बाबा, मुलीसाठी एवढं केलंत? भारी!" आणि मग तिनं अगदी सहज विचारलं, "आपल्या वळसंगच्या शेतात आत्याचा किती वाटा आहे हो?"

बायको गुमान आत गेली. मी म्हणालो, "आत्यानंच नको म्हटलं होतं."

"आत्या ग्रेट आहे," लेक म्हणाली. तिनं विश्वास ठेवला, आण्णा. भांडली असती तर परवडलं असतं.

मी पुन्हा खेळाकडं तोंड केलं. थोड्या वेळात राजा म्हातारा होऊन मेला आणि मी झालो ती मुलगी. राणी झालो. गादीवर बसून महिना झाला नाही तोच भावाचा निरोप आला, गादी माझी आहे, मुकाट्यानं सोड. खाली दोन बटणं, सोडते आणि लढते. मी विचारसुद्धा केला नाही. सोडते काय म्हणून? बापानं दिलंय मला! दाणकन लढते दाबलं. आणि दाबल्यावर हात तिथंच राहिला.

तुमचा शेवटचा दिवस आठवा. तुम्ही खाटेवर, ताई मैंदर्गीहून एसटीत बसलेली, आई शेजारी पाणी आणायला गेलेली. तुम्ही माझं मनगट धरून म्हणालात, "चार एकरात दोन तिची. इसरू नको." मी मान हलवली. ताई पोचली तेव्हा तुम्ही बोलत नव्हता. हे ऐकणारा मी एकटा.

वर्षभरानं तिला हक्कसोडीवर सही करायला बोलावलं. सगळेच भाऊ बोलावतात, साडीचोळी करतात, बहिणी सही करतात, माहेर राहतं. आपल्याकडं त्यात कुणाला काही वाटत नाही. मलाही वाटलं नाही. तालुक्याच्या कचेरीच्या व्हरांड्यात, नवी साडी मांडीवर घेऊन, ताईनं पेन हातात धरलं आणि माझ्याकडं बघितलं. "आण्णा काय म्हनले व्हते का रे माझ्यासाटी?"

मी म्हणालो, "व्हय. म्हनले, ताईनं सही करून द्यावी."

"मग आण की कागद," ताई म्हणाली आणि हसत सही केली. तुमचा शब्द म्हणून. दरवर्षी भाऊबीजेला मला ओवाळते, करडईच्या तेलाचा डबा बरोबर देते. मी तिला लढते म्हणायला जागाच ठेवली नाही, आण्णा. नुसतं सोडते ठेवलं आणि त्यावर तुमचं नाव घातलं. ती उठल्यावर नव्हे, डोळ्यांसमोर बसलेली असताना तिची तूर उचलली मी.

खेळ रविवारी जिथं थांबवला तिथंच आहे. लेक विचारते, "राणी जिंकली का?" मी म्हणतो, बघू.

हे पत्र तुम्हाला मिळणार नाही हे मला कळतं. म्हणूनच तर तुम्हाला लिहिलं. मंगळवारी सुरुवात केली तेव्हा वर "ताई" असं लिहिलं होतं. दोन ओळी झाल्या आणि धीर सुटला, म्हणून ते खोडून "आण्णा" केलं.