हाउसफुल्ल झोप

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समज. प्रत्यक्ष घालायचा तर खाली जाण्याची सोय होईल, वर येण्याची हमी या वयात देता येत नाही.) तुझे गुडघे जिन्याशी बोलायला लागले का? शेजाऱ्यांच्या कुत्र्याशी समेट झाला का? तू बरी असशीलच. आपल्या घरात आजारी पडण्याचं खातं पुरुषांकडे आणि त्यांना बोलण्याचं खातं बायकांकडे, ही वाटणी आजोबांपासून चालत आलेली आहे आणि तिच्याबद्दल आजवर कुणी कोर्टात गेलेलं नाही.

पत्रास कारण असं, की माझ्यावर घोर अन्याय होतो आहे आणि तो कुणा वडीलधाऱ्याच्या कानावर घालणं मला भाग आहे. माझा डावा खांदा माझा राहिलेला नाही. गेले तीन आठवडे त्याच्यावर माझ्याखेरीज सगळ्या जगाचा हक्क आहे. पहिल्या गावी एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तो वापरला. दुसऱ्या गावी एक बाई होत्या. त्यांच्या केसांतल्या तेलाचा माझ्या राखाडी कोटावर बेटांसकट नकाशा उमटला. तिसऱ्या गावी कुस्तीगीर होता. (त्याच्याविषयी लिहीत नाही. खांदा अजून ऐकू शकतो.) लाँड्रीवाल्याने कोट उजेडात धरून बराच वेळ पाहिला आणि अत्यंत सहानुभूतीने विचारलं, "साहेब, तुम्ही उशीचं काम करता का?" चार विनोदी पुस्तकं लिहिलेल्या माणसाला हा प्रश्न ऐकावा लागतो, आणि त्याला ठाम उत्तर देता येत नाही, यापरता अपमान कोणता?

पण हे असं मधूनच सांगून तुला कळायचं नाही. भाऊजींची मालिका तू कधी पाहिली नाहीस ("घरात एवढे बघते, पुन्हा पेटीत कशाला?" हे तुझंच वाक्य), म्हणून सांगतो. अकरा वर्षं, रोज जेवणं आटोपल्यावर, तुझा नवरा घराघरांत डॉक्टरकाका म्हणून जात असे. कथानकात खून, खटले, हरवलेली जुळी भावंडं काहीही होवो, शेवटी डॉक्टरकाका कुणातरी पेशंटच्या उशाशी बसायचे, चादर सारखी करायचे आणि म्हणायचे, "झोपा आता. बाकीचं उद्या बघू." दिवा मंद व्हायचा, नावं वर सरकायची, आणि लोक खरंच उठून झोपायला जायचे. मालिका संपली, आणि भाऊजींना अचानक उमगलं की आपल्याला जन्मभर लोकांना हसवायचंच होतं. तू जेवणाच्या टेबलावर सर्वांसमक्ष म्हणालीस, "तीस वर्षांत मला एकदा हसवता आलं नाही, आता परक्या लोकांनी काय पाप केलंय?" त्यावर त्यांनी दौरा काढण्याची प्रतिज्ञा केली. तू थिएटरात पाऊल न ठेवण्याची केलीस. दोन प्रतिज्ञांच्या मध्ये सापडलेल्या मला त्यांच्यासाठी दीड तासाचे विनोद लिहायला लागले, आणि वर त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या सांभाळायला तू मला सोबत धाडलंस. (गोळ्या वेळेवर चालू आहेत. विनोदांचं सांगतो.)

पहिल्या गावी थिएटर तुडुंब भरलं होतं. पडदा वर गेला, टाळ्या झाल्या, भाऊजी मधोमध येऊन म्हणाले, "नमस्कार मंडळी." एरवी मीठ मागतानाचा त्यांचा आवाज वेगळा, हा रंगमंचावरचा आवाज म्हणजे दिवसभर चालून आल्यावर कोमट पाण्यात पाय सोडावेत तसा. तिसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांची मान हळूच खाली झुकली. नमस्काराला उत्तर दिलं असावं. पण मान वर आलीच नाही. मग त्यांच्या शेजारची झुकली, मग तिच्या मागची, आणि उंच गवतावरून वारा जावा तशी ती झोप रांगारांगांतून मागे गेली, जिना चढून बाल्कनीत पोचली आणि तिथे पसरली. चष्मे नाकांवरून घसरले. मोबाईल मांड्यांवर निजले. दाराशी तिकिटं फाडणारा माणूस खांबाला टेकला आणि खांबाचाच एक भाग झाला. पिवळसर उजेडात धुळीचे कण तरंगत होते आणि खाली अख्खं गाव एका लयीत श्वास घेत होतं. खाली, वर. खाली, वर. एखादं मोठं जहाज धक्क्याला बांधून ठेवावं ना, तसं ते थिएटर हलतंय असं वाटत होतं.

भाऊजींनी लिफ्टचा किस्सा टाकला. (त्या किश्श्यावर मी महिना घातला होता.) तो गादीवर पीस पडावं तसा पडला. ते थांबले, पुढचा टाकला. आणि तेवढ्यात मागे कुठेतरी कुणीतरी हसलं! भाऊजींचा चेहरा असा उजळला, ताई, की दिवेवाल्याला दिवा कमी करावा लागला असता. पण हसणाऱ्या बाईंचे डोळे मिटलेले होते. त्या त्यांच्या स्वतःच्या कुठल्याशा स्वप्नात हसल्या होत्या. तिथं आमच्यापेक्षा चांगला कार्यक्रम चालू असावा. मग इकडे एक, तिकडे एक, पाण्याच्या तळातून बुडबुडे यावेत तसं हसू वर येई आणि फुटे. प्रत्येक हशाला भाऊजी त्या दिशेला वळायचे, आशेने बघायचे, आणि पुढच्या वाक्याला लागायचे. दीड तास हा माणूस झोपलेल्या लोकांना विनोद सांगत राहिला. एकही गाळला नाही.

खरी मजा नंतर. प्रयोग संपून दिवे लागले, की लोक पाळण्यातून उठल्यासारखे गुलाबी चेहऱ्यांनी मेकअपच्या खोलीबाहेर रांग लावतात. प्रतिक्रिया द्यायला. एक बाई भाऊजींचा हात धरून म्हणाल्या, "डॉक्टरकाका, धाकटी झाली तेव्हापासून अशी झोप नव्हती हो लागली." "धाकटी किती वर्षांची आहे?" "तिचंच आता लग्न ठरलंय." एक बँकेतले साहेब म्हणाले, "अप्रतिम! सुरुवात तर फारच अप्रतिम. सुरुवातच आठवतेय." एका म्हाताऱ्यांनी स्वप्नात त्यांचे गेलेले मोठे भाऊ पाहिले होते, दोघं सायकलवरून तळ्याकडे चालले होते, ते म्हणाले, "वळणापर्यंत आलो आणि तुमचा खेळ संपला. जरा लांबवता नाही का येणार?" आणि उद्याचं तिकीट काढायला गेले. मी त्या रांगेत लेखक म्हणून उभा होतो. माझ्याकडे पाहून एक मुलगी आईला म्हणाली, "हे पण झोपवतात का?"

आम्ही उपाय केले नाहीत असं समजू नकोस. थिएटरातले सगळे दिवे लावून पाहिले. दुसऱ्या गावी लोकांनी डोळ्यांवर रुमाल टाकले. थंड हवा वाढवली. तिसऱ्या गावी लोक चादरी घेऊन आले. मध्ये ढोल वाजवणारा ठेवला. तो दुसऱ्या विनोदाला ढोलावर गाल टेकून झोपी गेला. कीर्ती आमच्या गाडीच्या पुढे पळते आहे. चौथ्या गावी डॉक्टरांनी पेशंटना चिठ्ठीवर आमच्या प्रयोगाची वेळ लिहून दिली होती. दुपारी आमची गाडी रस्त्यातून जाते तेव्हा दुकानांतून लोक हात करतात आणि जांभया देतात. गावं आता एकमेकांत मिसळायला लागली आहेत; तीच बाजारपेठ, तोच चौकातला घड्याळाचा टॉवर, तीच खिडकीत वाळत घातलेली निळी चादर. कधीकधी मला वाटतं की आम्ही एकाच गावात गोल फिरतो आहोत आणि ते गाव अजून उठलेलं नाही.

या सगळ्यात सुखी प्राणी एकच, आमचा मॅनेजर. त्याला आम्ही 'गल्ला' म्हणतो. परवा गाडीत त्याने एक करारच पुढे केला. म्हणे खुर्च्या काढू, गाद्या घालू, जाहिरातीत 'गाढ झोपेची हमी' लिहू. विनोद बंद. "काकांनी काहीही वाचावं. गाड्यांचं वेळापत्रक वाचावं. लेखकाचाही त्रास नको." (माझ्याकडे पाहून, अगदी प्रेमाने.) मला वाटलं, भाऊजी भडकतील. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "रविवारी शेवटचा प्रयोग आहे. त्यात एक माणूस, पूर्ण जागा असलेला, एकदा मनापासून हसला, तरी मी विनोद सोडणार नाही. दहा माणसांपुढे करीन. नाही हसला तर सही करतो."

"आणि सही केलीत तर?" मी विचारलं.

"तर काय धाकटे? झोपवत बसू. पुण्याचंच काम आहे."

आणि हसले. ताई, ते हसू मला आवडलं नाही. ते त्यांचं नव्हतं, डॉक्टरकाकांचं होतं. तुझ्या नवऱ्याचं हसू वाकडं आहे, डावीकडे जास्त जातं. हे अगदी सरळ, छापील होतं. या वयात माणसाने एक नवी गोष्ट मागितली, आणि जगाने अतिशय प्रेमाने, चादर वगैरे घालून, ती नाकारली. कुणी शिव्या दिल्या असत्या, टोमॅटो मारले असते, तर त्यांना भांडता आलं असतं. घोरणाऱ्या माणसाशी भांडणार कसं?

असो. इकडे सर्व क्षेम. तुझ्या गुडघ्यांना आशीर्वाद, कुत्र्याला इशारा.

तुझा,
धाकटा

ता. क. : पत्र खरं तर यासाठी लिहिलं. रविवारचा प्रयोग तुमच्याच गावात आहे, दुपारी चारला, हे तुला भिंतीवरच्या पोस्टरांनी सांगितलंच असेल, आणि तू पोस्टरांकडे पाठ करून चालत असशील. पुढच्या रांगेतली मधली खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवली आहे. ये. या आवाजाला न झोपणारं माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे. ते बोलायला लागले की तुला झोप येत नाही, उलट असलेली उडते. ते "मंगळवारी" म्हणाले की तू आतल्या खोलीतून "बुधवार होता" म्हणतेस. तीस वर्षं तू जागी राहून ऐकलं आहेस, भले चुका काढायला का असेना. तुझी प्रतिज्ञा मोडल्याचं पाप मी घेतो. फक्त खोटं हसू नकोस. तुझं खोटं हसू मी नातेवाइकांच्या तीन लग्नांत पाहिलेलं आहे. त्यातलं एक पुढे मोडलं. खरं हसू आलंच तर येऊ दे. गिळू नकोस, एवढंच. आणि त्यांना आधी कळवू नकोस.

ता. क. २ : वर मी झोपलेल्या थिएटरचं जे वर्णन केलं आहे, ते मी पाहिलेलं नाही. दिसलं तेवढं मला आमच्या दिवेवाल्याने सांगितलं, कुठला किस्सा कुठे पडला ते भाऊजींनी. त्याला दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नाही, त्यामुळे तो एकटाच जागा असतो. 'नमस्कार मंडळी'च्या पुढे मी एकाही प्रयोगात पोचलेलो नाही. माझा लिफ्टचा किस्सा रंगमंचावर कसा वाटतो हे मला आजतागायत माहीत नाही. तो म्हणतो, मुख्याध्यापक माझ्या खांद्यावर होते हे खरं, पण मीही पलीकडच्या बाईंच्या खांद्यावर होतो, आणि मी झोपेत हसलोही. (कशाला, ते आठवत नाही. तळ्याकडे जाणारा एक रस्ता होता, एवढं पुसट आठवतं. तो त्या म्हाताऱ्यांचा असावा, चुकून माझ्याकडे आला असेल.) तरी खांद्याची तक्रार मी मागे घेत नाही.

ता. क. ३ : पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात एक झालं. लॉजच्या या खोलीत भाऊजी रविवारचा सदरा इस्त्री करत उभे आहेत. इस्त्री करता करता त्यांनी तो रंगमंचावरचा आवाज लावला, स्वतःशीच. माझ्या पापण्या जड झाल्या. मी उठून खिडकीशी उभा राहिलो आणि गजाला कपाळ टेकवलं, गज थंडगार होता. ते म्हणाले, "अकरा वर्षांत माझ्या हातून एकच पेशंट बरा झाला. बिचारा नट सोमवारपासून बेकार." हे माझ्या दीड तासात कुठेही नाही. त्यांचं स्वतःचं आहे.

तुला माहीत नसेल, पण माझं पहिलं कथावाचन वाचनालयाच्या खोलीत झालं तेव्हा हे गृहस्थ नुकतेच तुला बघून गेलेले होते. मोजकी माणसं, सगळी भिंतीसारखी. मागच्या बाकावर एकटे हेच हसत होते, बहुतेक चुकीच्या जागी, पण इतकं मोठ्यानं, की संकोचानं आणखी तिघं हसायला लागले. त्या हसण्यावर मी हा धंदा सुरू केला. ते त्यांना मी कधी बोललो नाही.

म्हणून मी खिडकीशी तोंड उघडलं ते परतफेडीसाठीच, पण बाहेर आलं ते हसू आपलं आपणच आलं, आणि थांबेना. भाऊजी वळले. "खरंच?" म्हणाले. मी म्हटलं, "खरंच." "जागे होतात ना?" "उभा आहे की मी." "मेहुण्याचं धरत नाहीत," म्हणाले, "रविवारी बघू." पण डावीकडे हसले, ताई. बराच वेळ तसेच उभे राहिले, आणि इस्त्रीही जिथे होती तिथेच राहिली.

तेव्हा येताना त्यांचा दुसरा पांढरा सदरा घेऊन ये.