ताल बराबर शे का?

नाना,

परवा माझ्या लेकीने मोबाइलवर एक जुना काळापांढरा नाच लावला. उंच टोपीवाला एक गोरा माणूस अमेरिकेतल्या ब्रॉडवेच्या कुठल्यातरी नाटकात बुटांनी लाकडी जमीन वाजवत होता, आणि ती मला समजावून सांगत होती की याला टॅप म्हणतात, बुटाच्या तळाला पत्रा असतो. मी म्हटलं, माहीत आहे, तुझे आजोबा करायचे. ती हसायला लागली. जळगावच्या कापसाच्या जिनिंगमधला फिटर आणि टॅप, तिला काही पटेना. मी पुढे बोलले नाही. पुढचं बोलायचं तर तुमच्याशीच बोलावं लागेल, आणि तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली.

लग्नाआधी तुम्ही जळगावच्या टॉकीजमध्ये सकाळच्या खेळाला एक इंग्रजी सिनेमा पाहिलात, एक अक्षर न कळता आठवडाभर रोज पाहिलात, आणि बिघडलात. हे आईचं म्हणणं. असोद्याला बैलांना पत्र्या मारणाऱ्या माणसाकडून तुम्ही चामडी बुटांना पत्र्या ठोकून घेतल्या. दोनच पाय मारायचे की चारही, असं त्याने विचारलं, आणि हा विनोद तुम्ही स्वतःच गावभर सांगत फिरलात. फरशीवर आवाज नीट येत नाही म्हणून मोरीचं दार बिजागऱ्यांतून काढून अंगणात आडवं टाकलंत. आई तिथे चादर बांधून अंघोळ करायची. तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही. नाचायला लागलात की घरातली माणसं तुम्हाला दिसतच नसत. मी तेवढी दिसायचे, कारण मला तुम्ही शिकवायला घेतलं होतं.

शिकवणं म्हणजे फूटपट्टी. मी सात वर्षांची, त्या दारावर उभी, आणि तुम्ही खाटेवर डोळे मिटून बसलेले. तुम्ही बघत नसायचात, फक्त ऐकायचात. एक ठोका मागेपुढे झाला की डोळे न उघडता "चुकनं" म्हणायचात आणि पट्टीची धार माझ्या घोट्यावर बसायची. बरोबर आलं तर काहीच नाही, बरोबर येणं हे माझं कामच होतं. पाचवीच्या स्नेहसंमेलनात तर तुम्ही पहिल्या रांगेतून उठलात, मला मध्येच थांबवलंत आणि पहिल्यापासून करायला लावलंत. मग पुन्हा एकदा. अख्खी शाळा हसत होती. तिसऱ्या वेळी मी स्टेजवरच फ्रॉक ओला केला. सायकलवरून घरी येताना तुम्ही एवढंच म्हणालात की शेवटचा भाग बरा होता. त्यानंतर मी ते बूट पायात घातले नाहीत.

पुढे जिनच्या मशिनींनी तुमचे कान खाल्ले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग आईची हाक, आणि मी अमळनेरला कॉलेजात जाऊ लागले तोवर ठार बहिरे झालात. नाच मात्र सुटला नाही. पायांना कळतं म्हणायचात, पण पायांवर तुमचा भरवसा नव्हता. म्हणून मी गाडीने परत आले की मला खाटेवर बसवायचात. नाचून झालं की घामाघूम होऊन विचारायचात, "ताल बराबर शे का?" आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचात. पहिल्या दिवशी मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी काही मनात नसताना मी मान आडवी हलवली. तुम्ही वाद घातला नाहीत, रागावला नाहीत. रुमालाने तोंड पुसलंत आणि पहिल्यापासून सुरुवात केलीत. मला ते आवडलं. आता खोटं कशाला सांगू, फार आवडलं.

मग ते चालूच राहिलं. रोज नाही, रोज केलं असतं तर तुम्हाला संशय आला असता. चार दिवस हो म्हणायचं आणि पाचव्या दिवशी नाही. नसलेली चूक तुम्ही शोधत बसायचात, एकेक पाऊल सुटं करून बघायचात. गुडघे सुजले तर आईची जुनी साडी फाडून बांधलीत आणि पुन्हा उभे राहिलात. आईचे कान शाबूत होते. भाकरी थापता थापता ती माझ्याकडे बघायची, पण बोलली कधीच नाही. मोरीला तेव्हाही दार नव्हतं.

तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी जिनच्या आवारात फळ्यांचं स्टेज बांधलं होतं. शेठजींनीच आग्रह केला होता, एकदा तुमचा नाच बघू द्या म्हणून. मी पुढे बसायचं आणि मानेने सांगायचं, हे आपलं ठरलेलं. तुम्ही सुरुवात केलीत. तसं मी तुम्हाला आधी कधी ऐकलं नव्हतं. एक ठोका इकडचा तिकडे नाही, आणि चेहऱ्यावर ते हसू, घरी कधी न दिसलेलं. हमाल खुर्च्या सोडून उभे राहिले, शेठजींचे मुनीमजीसुद्धा टाळ्या वाजवायला लागले. टाळ्या तुम्हाला ऐकू येत नव्हत्या आणि त्या हातांकडे तुमचं लक्षही नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी मान आडवी हलवली.

तुमचा एक पाय वर होता. तो तुम्ही इतका हळू खाली ठेवलात की पत्रा वाजला नाही. हात जोडलेत, तिथेच वाकून बूट काढलेत आणि मोज्यांवर खाली उतरलात. लोकांना वाटलं, नाच एवढाच होता. रिक्षात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "बठ्ठास्नी टाया वाजाड्यात. तू एकलीच खरं बोलनी." दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून मोरीचं दार बसवून घेतलंत. त्यानंतर मरेपर्यंत घरी येईल त्या पाहुण्याला सांगत राहिलात, "मन्ही पोर मन्हासंगे खोटं बोलत नही." शेवटी धुळ्याला माझ्याकडे अंथरुणावर होतात तेव्हा गोधडीखाली पाय हलायचे. मी खोलीत आले की थांबायचे.

हा कागद मी फाडून टाकणार आहे. लेकीच्या हाती लागला तर ती मला माफ करेल, आणि ते मला नको आहे. ती म्हणेल, त्यांनी शाळेत तुझं असं केलं, मग तू तसं केलंस. मीही स्वतःला इतकी वर्षं हेच सांगत आले. पण नाना, त्या दिवशी मला शाळा आठवलीसुद्धा नव्हती. तुमचा रागही आला नव्हता. तुम्ही सुंदर नाचत होतात, आणि मी नाही म्हटलं तर तुम्ही खरंच थांबता का, एवढंच मला बघायचं होतं.