आवाज जाण्याच्या आदल्या दिवशी

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार. मी ठीक आहे, खिडकीजवळचा पलंग मिळालाय. आईचे गुडघे कसे आहेत? हे पत्र मात्र तिला वाचून दाखवू नकोस.

किरणोपचारांनी गेलेली घशातली कॅन्सरची गाठ पुन्हा आली आहे. उद्या सकाळी स्वरयंत्रच काढणार. मी डॉक्टरांना विचारलं, "यातून वाचतात किती?" ते म्हणाले, "पाच वर्षांनी साधारण निम्मे असतात. तुमचं आत्ताच सांगता येणार नाही." मी संमतीपत्रावर सही केली.

शेजारच्या पलंगावरच्या शिंपीकाकांचं हेच ऑपरेशन तीन आठवड्यांपूर्वी झालं. त्यांनाही आधी किरणं दिली होती, त्यामुळे जखम लवकर भरत नाहीये. मी विचारलं, "काका, आता भीती गेली का?" त्यांनी पाटीवर लिहिलं, 'नाही. पण काल पाणी गिळलं.' आणि तोंडभर हसले.

मघाशी फोनवर मी मांजर, गळका नळ असं काहीबाही विचारत बसलो आणि तू वैतागलीस, "अरे, ठेव आता!" विचारायचं काहीच नव्हतं गं. या आवाजात तुला शेवटचं 'ताई' म्हणायचं होतं आणि माझ्याने ते शेवटचं करवत नव्हतं.

तुझा भित्रा,
धाकटा