पहिलीतली मल-सून

२९ मे. ऊन.
मी मल-सून. हे मी लिहिलं.

३० मे. ऊन.
वर्गातली रोजनिशी नामबाई तपासतात. ही वही माझी. कुणी बघायची नाही.

२ जून. ढग.
दा-ओन माझी नात. वय सात. पहिलीत आम्ही दोघीच. ती खिडकीकडे, मी भिंतीकडे. सहावीत गावातले दोघे जुळे भाऊ. झाली शाळा!

५ जून. ऊन.
शुद्धलेखनात मला दहात चार. दा-ओनला दहात दहा. ती बालवाडीतच वाचायला शिकून आलेली. मला म्हणते, 'वर्गात मी तुला आजी म्हणणार नाही. इथं तू मल-सून.' कार्टी!

११ जून. पाऊस.
शेतात जाता येत नाही, तर लिहिते. हात दुखतो पण लिहिते.

फेब्रुवारीत नामबाई घरी आल्या. म्हणाल्या, एका मुलीसाठी पहिलीचा वर्ग उघडत नाहीत, दोघी तरी हव्यात. 'मावशी, तुम्ही याल का शाळेत?' मला वाटलं झाडायला बोलावतात. मग कळलं, शिकायला! मी एकाहत्तर वर्षांची. हसून हसून पोटात दुखलं. पण रात्रभर डोळा लागला नाही.

कारण शाळा नसली तर दा-ओन जाणार. सँग-हो, माझा मुलगा, तिकडे शहरात कारखान्यात आहे. दा-ओन तीन वर्षांची असताना तिची आई निघून गेली, तेव्हा त्याने पोर माझ्या ओटीत घातली. तेव्हाच म्हणाला होता, 'गावात शाळा आहे तोवर राहू दे. पुढं मी नेईन.' शाळा आहे तोवर! म्हणून मी दप्तर उचललं. गाव हसलं. 'गोकसाँगवाली शाळेला निघाली, डबा घेतलास का गं?' हसा मेल्यांनो.

गोकसाँग माझं माहेर. लग्न झाल्यापासून मी गोकसाँगवालीच. मार्चात शाळेच्या पहिल्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली, 'यू मल-सून.' मी मागे वळून पाहिलं, कोण ही? पन्नास वर्षांत ते नाव कुणी घेतलंच नव्हतं. नवऱ्यानेसुद्धा नाही.

१९ जून. ऊन.
सँग-होचा फोन. तिकडे त्याने दुसरं लग्न केलंय, त्याला दोन महिने झाले. सून बरी आहे म्हणतो. म्हणाला, 'आई, शाळा बंद पडली तर काळजी करू नकोस. दोघींना इकडंच आणतो.' उगाच आपलं बोलायला. एका खोलीत राहतात ते, मला काय कपाटात ठेवणार? मी हसले. दा-ओन शेजारीच होती, ती हसली नाही. मलाच विचारत बसली – 'दोघींना म्हणजे तुला पण?'

२४ जून. ऊन.
दा-ओनने दप्तरातून कागद काढला. बारीक छापील. माझ्याने इतकं बारीक अजून वाचवत नाही. 'काय गं हे?' 'सहलीचा कागद. पालकाचा शिक्का हवाय.'

शिक्का बे भावजींकडे. ते गावप्रमुख. आम्हा सगळ्या म्हाताऱ्यांच्या नावाचे लाकडी शिक्के त्यांच्याकडेच एका कापडी पिशवीत असतात. खताचा कागद असो, दवाखान्याचा असो, ते बघतात आणि मारतात. आपण कुठं मधे मधे करायचं? दा-ओनला म्हटलं, पळ, मारून आण.

फार वेळ लावला पोरीने. समुद्री शेवाळाचं सूप निवून गेलं. जेवली पण नाही धड. मी ओरडले.

२० जुलै. पाऊस.
सुट्टी लागली. मी शाळेच्या सुट्टीला कंटाळले हे कुणाला सांगू नये!

१४ ऑगस्ट. कडक ऊन.
मिरच्या वाळत घातल्या. अंगण लाल. दा-ओनने मिरच्यांनी अंगणात मोठं 'मल-सून' लिहिलं. मी तीन दिवस त्या उचलल्या नाहीत. बे भावजी कुंपणावरून म्हणाले, 'वहिनी, नाव करपेल तुमचं!'

५ सप्टेंबर. ढग.
शाळा सुरू. सात मिळाले. जोडून आलेली अक्षरं अजून दगा देतात.

१७ ऑक्टोबर. ऊन.
सहल झाली. कुठं? शाळेच्या मागच्या ओढ्यावर! दोनशे पावलं. एवढ्यासाठी शिक्का कशाला लागला देव जाणे. दा-ओनला तसं म्हणाले तर म्हणते पोट दुखतंय. रताळी तशीच परत आणली.

२१ नोव्हेंबर. थंडी.
किमची घातली. ऐंशी गड्डे कोबी. कंबर मोडली. बे भावजी एकटे असतात, त्यांचं मडकंही भरून दिलं, दरवर्षीसारखं.

२७ नोव्हेंबर. थंडी.
दहात दहा! दहात दहा! नामबाईंनी लाल शाईने गोल काढला. दा-ओनने टाळ्या वाजवल्या आणि मग रडायलाच लागली. 'अगं वेडे, रडतेस कशाला?' म्हणाली, 'आता तुला सगळं वाचता येणार.' मला वाटलं आनंदाने रडते. मी पण रडले मग.

११ डिसेंबर. बर्फ.
शाळा बंद होणार. नामबाईंनी वर्गात सांगितलं. फेब्रुवारीत शेवटचा दिवस. भाऊ सहावीतून जाणारच होते, त्यांना काय. दा-ओन बाकावर डोकं ठेवून बसली.

मी विचारलं, कुणी ठरवलं? बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, 'मावशी... तुम्हीच ना?'

१२ डिसेंबर. बर्फ.
बसने मोठ्या शाळेत गेले, मुख्याध्यापकांकडे. आमची शाळा म्हणजे तिचीच फांदी. मी टेबलावर हात आपटला. 'मी केव्हा म्हणाले बंद करा म्हणून? कोण म्हणतं?'

भला माणूस. फाईल काढून समोर ठेवली. म्हणाला, आजी, पुढच्या वर्षी तुम्हाला सोडून एकच मूल उरणार होतं, म्हणून त्याच्या पालकाला विचारलं होतं. 'तुम्ही नको म्हणाला असता तर आणखी तीन वर्षं चालवली असती.'

बोट ठेवून वाचलं. हळूहळू. त्याने मधे बोलायचा प्रयत्न केला, मी हात वर केला. माझं मी वाचणार. 'पुढील वर्षापासून शाळा बंद करण्यास माझी संमती आहे.' खाली तारीख, २४ जून. खाली लाल शिक्का. यू मल-सून.

आयुष्यात पहिल्यांदा कचेरीतला कागद स्वतः वाचला, तो हा!

परत आल्यावर नामबाई म्हणाल्या, मला वाटलं मुलाकडे जायचं ठरवलंत. घरची गोष्ट, विचारणं बरं दिसलं नसतं. कागद आता वर जाऊन मंजूर होऊन आलाय. काही होणार नाही.

१३ डिसेंबर. ऊन, पण थंडी.
बे भावजींच्या दारात जाऊन उभी राहिले. दा-ओन मागे मागे आली. 'मी पोरीबरोबर सहलीचा कागद पाठवला होता. आणि तू त्याच दिवशी शाळाबंदीच्या कागदावर माझा शिक्का मारलास? ढीगच्या ढीग समोर ठेवायचे आणि ठोकत सुटायचं! डोळे फुटले होते का?' अरे-तुरे केलं. कधी केलं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे दा-ओनकडे पाहिलं. म्हणाले, 'चुकलं वहिनी. न बघता मारला.'

बस. एवढंच. भांडले असते तर बरं वाटलं असतं. मी माझा शिक्का मागून घेतला. येताना किमचीचं मडकं पण उचलून आणलं. लाज वाटली, पण आणलं.

८ जानेवारी. बर्फ.
सँग-हो आला. सुनेला घेऊन. पोरगी चांगली आहे, उगाच कशाला खोटं लिहू. दा-ओनसाठी नवा कोट आणला. लाल.

जेवताना दा-ओनने विचारलं, 'आजीचा बिछाना कुठं घालायचा?' सँग-हो म्हणाला, 'आजीचं शेत आहे ना इथं. आजी येईल की सुट्टीत.' दा-ओन म्हणाली, 'तुम्ही म्हणाला होता दोघींना. फोनवर म्हणाला होता.' त्याला आठवेना सुद्धा! पोर ताटावरून उठली, न्हाणीघरात जाऊन कडी लावली. तासभर. मीच दारापाशी बसून समजूत काढली. दाराआडून एकच – 'मला नाही जायचं. शाळा परत उघडा.'

९ फेब्रुवारी. ढग.
शेवटचा दिवस. बाकं पुसली. नामबाईंनी मला पहिली पास झाल्याचा कागद दिला. दुसरीत गेले! दुसरी कुठं आहे?

दा-ओनने हजेरीपटावरची आमची नावं शेवटची वाचली.

११ फेब्रुवारी. ऊन.
गेली. गाडीच्या काचेला नाक लावून. बे भावजी रस्त्यापर्यंत आले होते. ती काच खाली करून त्यांना काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. मी विचारलं पण नाही त्यांना.

१२ फेब्रुवारी.
दोघींचा भात शिजवला.

२० फेब्रुवारी. पाऊस.
बे भावजी कुंपणावरून – 'वहिनी, पोरीचं पत्र आलं का?' मी उत्तर दिलं नाही. कुठल्या तोंडाने विचारतो!

२८ फेब्रुवारी. ऊन.
परत तेच. 'पत्र आलं का?' मी कोंबड्यांना हाकलत आत गेले. हा मला जगू देणार नाही. फोनवर दा-ओन हं हं करते नुसती. शाळा कशी आहे? हं. जेवलीस? हं.

४ मार्च. ऊन.
मुलांच्या नव्या वर्षाच्या शाळेचा पहिला दिवस. मी सवयीने दप्तर घेऊन फाटकापर्यंत गेले. कुलूप होतं.

९ मार्च. ऊन.
पत्र आलं. 'आजी, तो कागद सहलीचा नव्हता. मला वाचता येत होतं. शाळा बंद झाली की बाबा आपल्या दोघींना नेतील असं मला वाटलं. बे आजोबांनी विचारलं होतं, आजीला ठाऊक आहे ना? मी हो म्हणाले. निघताना गाडीतून मी त्यांना म्हटलं, सांगू नका, मी स्वतः पत्रात सांगीन. तू त्यांना रागावू नकोस. मला रागाव. तुला वाचता यावं म्हणून मोठं अक्षर काढलंय.'

बे भावजींचं मडकं परत नेऊन द्यायचंय. कुठल्या तोंडाने जाऊ? पत्र चारदा वाचलं. एकाही अक्षराला अडले नाही.