बाबा खरखर ऐकतात

२७ सप्टेंबर
आला एकदाचा डिजिटल रेडिओ! बोईसरला कंपनी सुटल्यावर घेतला, रिक्षात मांडीवर धरून आमच्या गावी, दांडीला आणला. तीच जुनी मिडियम वेव्ह, पण आवाज काय स्वच्छ — बातम्या देणारी बाई श्वास घेते तोही ऐकू येतो! आई मासळी निवडायची सोडून ऐकत बसली.

२८ सप्टेंबर
बाबा तो होडीवर न्यायला तयार नाहीत. रबर गुंडाळलेला जुना ट्रान्झिस्टरच घेऊन गेले. माझं तोंड एवढंसं झालं. होडीवर त्यांच्यासोबत माझा चुलतभाऊ मिथुन असतो. तो म्हणाला, "यात खरखर नाय ना! काका गाणी थोडीच आयकतात, खरखर आयकतात."

लांब कुठे वीज चमकली की जुन्या रेडिओत कडकडतं म्हणे. कडकड वाढली की बाबा होडी वळवतात, आणि त्यांची वळली की बाकीच्याही वळतात. मला आपलं वाटायचं, रेडिओ बिघडलाय! काय माणूस आहे हा — नव्या रेडिओनं जे गाळून टाकलं, त्यावर यानं इतकी माणसं घरी आणली.

२९ सप्टेंबर
सुट्टी. आईनं नव्यावर दिवसभर गाणी ऐकली. पैसे वसूल!

३० सप्टेंबर
ओट्यावर दोन्ही रेडिओ शेजारी लावले. आळी जमली. नवा लख्ख, जुना लांबच्या विजांनी नुसता तडतडतोय. कुठला चांगला, बाबांना विचारलं. म्हणाले, दोनी सारकेच. सगळे हसले — म्हातारा जुन्याची बाजू सोडत नाही! मीही हसले.

४ ऑक्टोबर
होडी आज विजा डोक्यावर घेऊन आली. मागून बाकीच्याही. मिथुननं मला बाजूला घेतलं. रेडिओ कडकडत होता, त्यानं सांगितलंही, पण काका म्हणाले हवा साफ हाय. काकांच्या पुढे कोण बोलणार?

मला परवाचं ते 'दोनी सारकेच' आठवत राहिलं.

५ ऑक्टोबर
बाबा अंगणात जाळं सांधत होते. मागे उभी राहून जुना रेडिओ लावला, आवाज पूर्ण सोडला. नुसती कडकड! शेजारीण बाहेर आली. बाबांनी मान वर केली नाही.

समोर जाऊन बसले, रेडिओ त्यांच्या हातात ठेवला. कधीपासून, विचारलं. ओठांकडे बघत होते माझ्या. शिमग्यापासून, म्हणाले. मला रडूच आलं.

मग रेडिओ माझ्याकडे परत दिला.

"मिथुनला दे. सांग, उद्यापासून होडी तू वळव."