डंकनचं पोट

मंगळवार, १७ नोव्हेंबर १९३६

आज पहिला रोजा. आणि डंकन आजही बसला, कुंथला, उठला. काही नाही!

मेजरसाहेब विलायतेला गेले आणि जाताना हा लांब कानांचा म्हातारा माझ्या गळ्यात बांधून गेले. त्यांना मराठी शिकवली, त्याचं हे बक्षीस! 'मास्टरजी, कुत्रा जपा. मार्चमध्ये येतो. देवळाली कँपात मुन्शीची जागा तुमचीच.' शाळामास्तरकीतून सुटायचा मला दुसरा रस्ता नाही. म्हणून हो म्हटलं. कुत्रा जगला तर जागा, एवढा साधा हिशेब.

अम्माला ते पटलेलं नाही. ती वणीची, बोलणं अजून तिकडचंच. 'कुत्रं घरात नाय यायचं. आपल्याला नमाज पढायचा असतो.' म्हणून तो मागच्या अंगणात पेरूच्या झाडाला बांधलेला. साहेबांच्या खानसाम्याने बजावलं होतं – याचं पोट कायम धरतं, रोज लांब फिरवा. पण चौक मंडईतून मास्तर कुत्रा ओढत चाललाय, हे दृश्य मला लोकांना दाखवायचं नाही.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

काही नाही.

शनिवार, २१ नोव्हेंबर

हमीदाला त्याची दया येते. बायको माझी, पण मऊपणा सगळा जनावरांसाठी! इफ्तारीच्या शोरब्यातल्या नळ्या रोज त्याच्या पुढ्यात टाकते. 'रमजानात दारातला जीव उपाशी नको.' तोही कडाकडा फोडतो. म्हटलं, खातोय म्हणजे ठीक असेल.

अम्माने लांबूनच औषध सांगितलं – इसबगोल. 'तुझ्या अब्बांना त्यानंच उतार पडायचा.' शोरब्यात कालवून दिला. चाटून पुसून खाल्ला.

आता बघू उद्या.

रविवार, २२ नोव्हेंबर

कसला उद्या! सकाळपासून पाठीची कमान करून अंगणात गोल गोल फिरतोय. बसतो, थरथरतो, माझ्याकडे बघतो. मी काय करू बाबा? मी भूगोल शिकवतो!

शेजारचा नाथा टांगेवाला भिंतीवरून डोकावला. 'मास्तर, लय फुगलंय पोट. एरंडेल पाजा, एरंडेल! माझ्या घोड्याला त्येच देतो.' घोड्याचं माप कुत्र्याला चालतं का, हे ना त्याने सांगितलं ना मी विचारलं. हमीदाने जबडा धरला, मी ओतलं. थोड्या वेळाने सगळं माझ्या नमाजाच्या कपड्यांवर परत आलं. अम्मा ओरडत होती, हमीदा हसू दाबत होती. मी विहिरीवर थंड पाण्याने आंघोळ केली आणि मनातल्या मनात मेजरसाहेबांना अशा मराठीत बोललो, जी मी त्यांना कधी शिकवली नाही.

सोमवार, २३ नोव्हेंबर

रक्त. कुंथताना दोन थेंब पडले. आज नळीलाही तोंड लावलं नाही.

नाथाच्या टांग्यातून गुरांच्या दवाखान्यात नेला. यादव डॉक्टर लासलगावकडे बैल बघायला गेलेले. शिपाई म्हणाला, उद्या या. उद्या! याच्याजवळ उद्या आहे का?

मेला तर साहेबांना काय सांगू? हमीदा म्हणाली, 'तुम्हाला नुसती साहेबांचीच काळजी.' राग आला. खरं बोलली म्हणून जास्त आला.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

डॉक्टर भेटले. हात फार हलका, जीभ तशी नाही. पोट दाबून म्हणाले, 'आत दगड झालाय, मास्तर. हाडं घालता?'

'प्रेमाने घालतो,' मी म्हणालो.

'प्रेमानेच मरतात ही. म्हाताऱ्या पोटाला हाडं म्हणजे चुना. आणखी काय दिलंत?'

इसबगोल सांगितला. 'त्यावर पाणी किती प्यायला? पाण्याशिवाय इसबगोल म्हणजे बूच!' मग त्यांनी विचारलं, 'बरं, दिवसभरात एरवी किती पितो?'

 दिवसा त्याच्या भांड्यात पाणी मी पाहिल्याचं मला आठवेना. एकदाही नाही.

मग रबरी नळी, साबणाचं कोमट पाणी, ग्लिसरीन. मी डोकं धरलं होतं. वेदनेने त्याने माझ्या मनगटाला दात लावले, पण दाबले नाहीत. वास असा की रोजा तोंडाचा असतो, नाकाचा नाही, याबद्दल अल्लाकडे तक्रार करावीशी वाटली. थोडंसं आलं – पांढरं, खरखरीत, थेट खडूसारखं. डॉक्टर हात धूत म्हणाले, 'याच्यापुढे मी ढकलणार नाही, आतडं फाटेल. बाकीचं त्याचं त्याने व्हायला हवं. शुक्रवारपर्यंत नाही झालं तर घेऊन या, त्रासातून सोडवू.' सोडवू म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

घरी येऊन हमीदाला पाण्याचं विचारलं. तिचा चेहराच उतरला. एरवी ती घरातल्यांसाठी माठातून पाणी काढायची, तेव्हा त्याचंही भांडं भरायची. रमजान लागला. दिवसा माठाकडे कुणी फिरकेना. मग त्याचं भांडंही इफ्तारीलाच भरायचं! थंडीचे दिवस, त्याने धापाही टाकल्या नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून त्या म्हाताऱ्याला रोजा धरायला लावला!

अम्मा तसबीहचे मणी ओढत ऐकत होती. बोटं थांबली. 'तान्हेल्या कुत्र्याला पानी पाजलं म्हनून गुनाह माफ झाल्याचं लहानपनापासून ऐकते मी,' ती म्हणाली, 'आन् आपन रोजे धरून मुका जीव तान्हेला ठिवला? आपला रोजा कबूल कसा व्हायचा रे, इनायत?'

उठली, स्वतः विहिरीचं पाणी शेंदलं आणि त्याच्यापुढे भांडं ठेवलं. तो पीत होता तोवर तिथेच उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

बुधवार, २५ नोव्हेंबर

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे – हाडं बंद. उकडलेला लाल भोपळा कुस्करून, त्यात चमचाभर तूप. पातळ पेज. पाणी सतत. आणि चालवायचं, दुखत असलं तरी हळूहळू चालवायचं.

सकाळी टाकळीच्या रस्त्याने नेला. शाळेतली पोरं भेटली. 'सर, तुमचा कुत्रा?' मी म्हटलं, हो, माझा! पुढे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

चार पावलं चालतो, बसतो, थरथरतो. काही होत नाही. उठताना मागचे पाय लटपटतात, तेव्हा मी पोटाखाली उपरणं घालून उचलतो. मेजरसाहेबांची आठवण दिवसभरात एकदाही झाली नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

गुरुवार, २६ नोव्हेंबर

झालं नाही.

अम्मा मागच्या दारात बसून आहे. भांडं निम्मं झालं की भरते. नमाजाला उठताना मला बजावते, 'ध्यान ठिव.' मी दारातून आत आलो की पहिला प्रश्न – 'झालं का?' नाथा भिंतीवरून – 'झालं का?' दूधवालासुद्धा! सगळ्या गल्लीचा जीव एका कुत्र्याच्या पोटात अडकलाय.

संध्याकाळी तो हमीदाच्या मांडीवर डोकं ठेवून पडला. पोट तसंच टणक. ती रडली. मीही, पण विहिरीवर जाऊन.

उद्या शुक्रवार.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

झालं!!

दवाखान्यात न्यायला निघालो होतो. नाथाने टांगा जोडला होता. टांग्यात घालण्याआधी म्हटलं, शेवटचा जरा चालवू. जुम्म्याच्या नमाजाला निघालेली चार इज्जतदार माणसं समोरून आली, आणि त्यांच्या पुढ्यात, ऐन रस्त्यात, हा बसला. कुंथला. पुन्हा कुंथला. मी श्वास रोखून उभा. आणि मग – पांढरं, काळं, शेवटी तपकिरी – अल्हमदुलिल्लाह!

'झालं! अम्मा, झालं!' मी भर रस्त्यात ओरडलो. नाक दाबून गेली ती माणसं. जाऊ देत. फावडं आणून मीच रस्ता साफ केला, आणि आयुष्यात कुठलंही काम इतक्या आनंदाने केलं नाही.

टांगा सोडला. डॉक्टरांना निरोप पाठवला – आज येत नाही.

गुरुवार, ३ डिसेंबर

यादव डॉक्टर म्हणतात, कायमचं बरं होणार नाही. म्हातारपण आहे. पाणी, भोपळा, चालणं – यात एक दिवस चुकला की पुन्हा अडेल. परवा चुकला, लगेच अडला. सगळ्यांचे चेहरे पुन्हा तसेच! संध्याकाळी सुटला तेव्हा कुठे घास उतरला.

खरं लिहितो. जागा मला अजून हवी आहे. पण मार्च जवळ येतोय याची भीती वाटते. साहेब येतील, शीळ घालतील, आणि हा शेपटी हलवत निघून जाईल.

शनिवार, १२ डिसेंबर

दुपारी कँपातला शिपाई दारात. साहेबांची तार आलीय. नोकरी सोडली, ते परत येणार नाहीत. म्हणजे मुन्शीची जागाही गेली. आणि हुकूम – 'कुत्रा थकलाय, परक्यांच्या हाती नको, गोळी घाला.' शिपाई दोरी घेऊनच आला होता. मागून अम्मा आली, हातात तसबीह. 'उशिरा आलास, बाबा. मेला तो. काल पुरला.' शिपायाने तिच्याकडे पाहिलं, सलाम केला आणि गेला.

मी म्हटलं, अम्मा, रोज्याच्या तोंडाने खोटं?

'बोलले मी. अल्लाला जाब मीच दीन. तू जा, त्याला फिरवून आन – आन् कँपाच्या वाटंनं नेऊ नको!'