गरम शेडमधला अर्धा तास

प्रिय आइलू,

तू तुझे रेनडिअर मावसभावाच्या हवाली करून कायमचा शहरात राहणार, हे तुझ्या पत्रातून कळलं. गोठलेल्या तलावावर वाट दाखवायला तू रोवलेल्या फांद्यांनीच बाबांना पाण्यात नेलं, असं गावासारखं आता तूही मानतोस. म्हणून मला जे माहीत आहे ते क्रमाने लिहिते.

इथे उणे एकतीस आहे. या आठवड्यात वर्कशॉपमध्ये सात स्नोमोबाइल आल्या, सगळ्यांचं दुखणं एकच, आत साठलेला बर्फ. मी प्रत्येकाला तेच सांगते. थांबलात की बर्फ लगेच झाडा, पट्टा जमिनीला चिकटू नये म्हणून खाली दोन ओंडके घाला, निघण्याआधी ॲक्सिलरेटर दाबून सोडा आणि तो परत येतो का बघा. गाडी गरम शेडमध्ये आणलीत, तर पुरती वाळल्याशिवाय बाहेर काढू नका. हे मी कॉलेजात नाही, बाबांकडून शिकले. ते गाडी कधीच आत आणत नसत. मला चिडवायचे, "इंजिनिअरबाई, तुमच्या उबेत माझी गाडी लाडावेल हं!"

बाबा गेले त्या दिवशी बेल्ट बदलायला ती मीच आत आणली. "बाहेर बोटं गोठतात, बाबा. हट्ट पुरे." अर्धा तास लागला. हँडलवरचा बर्फ वितळून ॲक्सिलरेटरच्या केबलवरून ओघळत होता, ते मला दिसत होतं. तेवढ्यात मावशी धावत आली, "अहो, जनावरं तलावाच्या तोंडाकडे, वाहत्या पाण्याकडे निघालीत!" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आधी गाडी वाळू द्या, असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "झालंय, न्या." ॲक्सिलरेटर दाबून पाहिला तर सुरळीत परतला. केबलमध्ये शिरलेलं पाणी तोवर गोठलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बर्फावर मोजमाप केलं. तुझ्या फांद्या वाहत्या पाण्यापासून साठ मीटर दूर होत्या. त्यांच्या बाजूने बाबांनी गाडी वळवली होती, पण वेग इतका होता की ती वळणाबाहेर घसरत गेली. त्या वळणावर बाबा चालण्याच्या वेगाने जायचे. गाडी वर काढली तेव्हा इंजिन बंद करायचं लाल बटण दाबलेलं होतं. म्हणजे केबल गोठून ॲक्सिलरेटर अडकला होता आणि बाबा गाडी थांबवू पाहत होते.

मावशी चारचौघांत म्हणाली, "पोरानं फांद्या घाईत रोवल्या." मी तिथेच उभी होते. पाना पुसत राहिले. त्याला तेरा महिने झाले.

आज सकाळी मी पोलिसांना हे सगळं लिहून दिलं. रविवारी कळपवाल्यांच्या बैठकीत तुझा कळप दुसऱ्याच्या नावे करण्याआधी उठून सर्वांसमोर सांगणार आहे. यानंतर माझ्याकडे गाडी कोण आणेल, माहीत नाही. पण तुला हे भरल्या बैठकीत पहिल्यांदा कळायला नको, म्हणून हे पत्र. तू ये आणि तुझे रेनडिअर सोडू नकोस. माझ्याशेजारी बसायची गरज नाही.

तुझीच ताई,
सुन्ना